मेळाव्यातली शांत मुलगी

जळगावात मेहरूणजवळच्या मंगल कार्यालयात आमच्या समाजाचा वधू-वर परिचय मेळावा होता. मुलं-मुली एकेक करून मंचावर जात, माईकवर स्वतःची माहिती सांगत आणि समोर बसलेले आईबाप पुस्तिकेत खुणा करत. माझी मुलगी पायऱ्यांशी रांगेत उभी होती.

मी धुळ्याच्या एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो. माणूस जोडीदार कसा निवडतो, हा माझा आवडता विषय. पुरुषांना सौम्य, तरुण बाई आवडते, बायकांची नजर मिळवत्या पुरुषाकडे जाते; या आवडी फार जुन्या, माणूस रानात हिंडत होता तेव्हापासूनच्या असाव्यात, असं काही अभ्यासक मानतात. हे सांगून झालं की मी न चुकता म्हणतो, "पण कल म्हणजे नियम नव्हे." घरी तिशीला आलेली लेक दिसली की मात्र मला हे शेवटचं वाक्य आठवत नसे.

ती वीज उपकेंद्रात अभियंता आहे. रात्रपाळी करते, हाताखालच्या माणसांना दरडावते आणि हसली की शेजारी ऐकू जातं. निघताना मी तिला बजावलं, "रात्रपाळीचं काढू नकोस. ऑफिसात आहे म्हण. आवाज हळू ठेव आणि हसू नकोस."

"मग तिला नेता कशाला?" बायको म्हणाली. "फोटोच न्या की!"

लेक आपलं ऐकेल की नाही, एवढीच मला धास्ती होती. तिनं ऐकलं. मान खाली घालून, मी कधी न ऐकलेल्या आवाजात ती म्हणाली, "मी ऑफिसात आहे. मला स्वयंपाकाची आवड आहे."

मी तिचा बाप आहे हे शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना ठाऊक नव्हतं. त्या मला म्हणाल्या, "पोर चांगली शे, भाऊ. पन तोंडमा जीभ शे का नही?"

जेवणाच्या वेळी एका मुलाचे वडील मला शोधत आले. "सर, आम्हाला अशीच शांत मुलगी हवी होती. आमच्याकडे बायकांचा आवाज बाहेरच्या ओट्यावर येत नाही." ते प्रेमानं हसत होते. पुढच्या रविवारी घरी यायचं त्यांनी ठरवूनही टाकलं.

परतताना गाडी पारोळ्याला आली. लेकीनं हळूच विचारलं, "पप्पा, काही चुकलं नाही ना माझं?"

असं तिनं मला कधी विचारलं नव्हतं. मंचावरचा तो आवाज गाडीतही आमच्याबरोबर आला होता. तोच आता घरी राहिला तर?

सकाळी मी त्या गृहस्थांना फोन लावला. ती कुठं काम करते, रात्री-अपरात्री कशी जाते, किती मोठ्यानं हसते, सगळं सांगितलं. स्वयंपाक तिला येत नाही, हेही सांगितलं.

"मग सर, काल असं का बोलली ती?" त्यांनी विचारलं.

लेक डबा भरता भरता थांबून माझ्याकडे बघत होती.

"मी बोलायला लावलं," मी म्हणालो. "भ्यालो होतो. अजूनही भ्यालेलोच आहे."