चालीतली गप्प जागा

घाटकोपरच्या डोंगरउतारावर आमची वस्ती होती आणि वस्तीची स्वतःची बेंजो पार्टी होती. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य. हातगाडीवर ट्रकची बॅटरी, अँप्लिफायर आणि भोंगा बांधायचा, बेंजो त्याला जोडायचा आणि भोवती ढोल, ताशे, खुळखुळे घेऊन पोरं चालायची. नवरात्रातल्या देवीची मिरवणूक असो की कुणाची हळद, यांच्याशिवाय आमच्याकडे पान हलत नसे. ऐंशीच्या दशकातल्या गोष्टी आहेत या. गिरण्या बंद पडल्या होत्या, निम्म्या वस्तीचे बाप्ये दारात बसून विड्या ओढत होते, आणि तरी बेंजो सुरू झाला की तेच बाप्ये उठून नाचायचे. मला तेव्हा त्यांचा राग यायचा. आता वाटतं, दुसरं करणार तरी काय होते?

माझा धाकटा भाऊ त्या पार्टीत ताशा वाजवायचा. एका पावसाळ्यात त्याला कावीळ झाली. आधी मंतरलेलं पाणी, मग गळ्यात काविळीची माळ, मग हॉस्पिटल, अशा उलट्या रस्त्याने आम्ही गेलो आणि पोचायला उशीर झाला. तो गेला तेव्हा त्याला मिशीही धड फुटली नव्हती. वडील त्याचे दिवस घालायला गावी गेले ते तिकडेच राहिले. गिरणी राहिली नव्हती, मुलगा राहिला नव्हता, मुंबईत त्यांना कोण बोलावत होतं? घरात आई आणि मी उरलो.

मी अंधेरीच्या एमआयडीसीत औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होते. घाटकोपर ते अंधेरी बस साकीनाक्याला अडकली की अडकली. सकाळी अडकायची, संध्याकाळी अडकायची. घरी येऊन पाणी भरायचं, रॉकेलच्या रांगेत उभं राहायचं. आईचं काही अडू दिलं नाही मी. ती भाकऱ्या दोघींच्या करायची, ताटं दोन मांडायची, पण बोलायची नाही. त्याच्याविषयी नाही आणि कशाविषयीच नाही. मी समोर जेवत असायचे आणि तिची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे भिंतीवर. मला त्याचा फार थकवा यायचा. नोकरीचा यायचा त्याहून जास्त.

म्हणून मी ती चाल शोधायला निघाले.

आमच्या पार्टीची एक चाल होती, स्वतःची म्हणून ओळखली जाणारी. सुरुवात संथ, झुलती. मधे एकदम तडातडा लय चढायची. शेवटी एक छोटीशी वळणदार शेपटी, तिच्यावर पोरं शिट्ट्या मारायची. भाऊ घरात पत्र्याच्या डब्यावर दिवसभर तीच बडवायचा. मला वाटायचं, एवढी त्याच्या हातात बसली आहे तर तिच्यातलं काहीतरी त्याचं स्वतःचं असणार. तेवढा तुकडा शोधून काढायचा आणि आईपुढे ठेवायचा. हे बघ, हा त्याने केलेला, अजून वाजतोय. मग ती रडेल, बोलेल, निदान माझ्याकडे तोंड करून बसेल. बाकी काही नको होतं मला.

पहिल्यांदा अर्थातच बेंजोवाल्या काकांकडे गेले. ते मालवणकडचे, वडिलांच्याच गिरणीतले. गिरणी सुटल्यावर डोंगराखाली इस्त्रीचं टपरं टाकून बसले होते. कोळसे फुंकता फुंकता म्हणाले, "सुरुवात माझी नाय गो चेडवा. मनोरेक एका हळदीक गेलंलव, थंय कोळणी गायत होते. तुझो भाव होतो ना वांगडा." मुलीला चेडू म्हणणारी आमची माणसं.

भाऊ बरोबर होता, एवढंच मी धरून ठेवलं. म्हणजे ती चाल त्याने उचलली असेल, फिरवली असेल. आमच्या पॅकिंगमध्ये मनोरीची एक कोळीण होती, रोज पहाटे खाडी ओलांडून यायची. एका रविवारी तिच्याबरोबर गेले. मार्वेला होडीत बसताना चपला हातात घेतल्या, तिकडे उतरेपर्यंत साडी गुडघ्यापर्यंत भिजली. तिची आजेसासू अंगणात सुकी मासळी निवडत होती. मी तोंडाने चाल वाजवून दाखवली, बेंजोची, ताशाची, सगळी. म्हातारी हसली आणि गायला लागली. सूर न् सूर तोच. भावाने फिरवलेलं त्यात कुठेच काही नव्हतं.

"यो तं आमचे हलदीचा गाना," ती म्हणाली. "माजे सासूपासून हाय."

तिने मला बोंबील बांधून दिले. परतीच्या होडीत त्यांचा वास घेत बसले. आईने ते भाजले, जेवताना कुठून आणले एवढंही विचारलं नाही.

मग मधली लय. ती भावाचीच असणार, ताशाच तर होता तिच्यात. काकांनी तेही धुऊन टाकलं. दशावतारात राजा आणि राक्षस लढायला उभे राहिले की मृदंग आणि झांज कशी चढते, ते त्यांनी मला इस्त्रीच्या टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलं. लहानपणी जत्रेत रात्र रात्र बसून ऐकलेलं आणि मुंबईत आल्यावर ताशावर चढवलेलं. "तुझ्या भावान घेतलो, पण दिलो मीया," म्हणाले. खोटं बोलून माझं समाधान करायचं त्यांना सुचलं नाही. आमच्याकडची माणसं अशीच, मेल्या माणसाबद्दलही कौतुक मोजून करतील.

शेपटीवर मात्र माझा पक्का भरवसा होता. ती ना कोळ्यांची वाटायची, ना आमची. असं काहीतरी वेडंवाकडं त्यालाच सुचेल. पुढे आमच्या शेजारच्यांचा जावई आखातातून आला, टू-इन-वन घेऊन. सगळ्या वस्तीने ऐकावं म्हणून दारात स्टुलावर ठेवून लावायचा. एका संध्याकाळी मी नळावर कळशी धरून उभी होते आणि त्या टेपवर कुठल्याशा परदेशी गाण्यात शेपटी वाजली. तशीच्या तशी. कळशी भरून वाहायला लागली तरी मला कळलं नाही, मागची बाई ओरडली, "ए, झोपली काय गं?"

तो जावई मागच्या सुट्टीतही, म्हणजे भाऊ होता तेव्हाही, हीच कॅसेट लावायचा, असं बायकोने अभिमानाने सांगितलं. म्हणजे पार्टीतल्या सगळ्यांनीच ती ऐकली होती, भावानेही. झालं. सुरुवात मनोरीची, मधलं दशावताराचं, शेवट परदेशातला. माझ्या भावाचं त्यात काही नव्हतं. त्याने फक्त वाजवलं होतं. मी कंटाळून शोध सोडून दिला. आईला यातलं काही सांगितलेलं नव्हतंच, त्यामुळे आता मागे घेण्यासारखंही काही नव्हतं.

पुढे बऱ्याच दिवसांनी कंपनीतल्या मैत्रिणीच्या भावाची हळद होती, मुलुंडला. तिथे मुलुंडचीच पार्टी वाजवत होती आणि वाजवत होती आमची चाल. चोरलेली, सरळ सरळ. पण मधल्या चढत्या लयीत एका जागी सगळे एकदम थांबले. बेंजो बंद, ताशा बंद. नाचणारे हात वर तसेच धरून उभे. मग धाडकन सगळं पुन्हा सुरू, आणि मांडवात नुसता कल्ला. मैत्रीण म्हणाली, "याला स्टॅच्यू म्हणतात. झकास ना? तुमच्या घाटकोपरवाल्यांनी काढलंय, आता बोरिवलीपर्यंत सगळे वाजवतात."

मी हे कधी ऐकलंच नव्हतं. भाऊ डब्यावर वाजवायचा त्यात असा थांबा नव्हता. आणि तो गेल्यापासून दसऱ्याला देवीची मिरवणूक निघायच्या आत मी मानखुर्दला मावशीकडे पळून जायचे. तो ताशा माझ्याने ऐकवत नसे; वस्तीत कुणाची हळद असली तरी काहीतरी निमित्त काढून बाहेर पडायचे. आई घरी थांबायची, तिला चल म्हटलं तरी यायची नाही.

दुसऱ्या दिवशी काकांना विचारलं, "ती गप्प जागा कुठून आणली?"

त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. "खंय म्हणजे? तुमच्याच दारात गो."

मग त्यांनी सांगितलं ते असं. ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं असेल त्या घरापुढून वाजवत जायचं नाही, ही रीत. भाऊ गेला त्या वर्षी मिरवणूक आमच्या दाराशी आली तेव्हा पार्टी नेमकी चढत्या लयीत होती. काकांनी हात वर केला, सगळे थांबले. देवी गुपचूप पुढे नेली आणि घर ओलांडल्यावर जिथे सोडलं होतं तिथूनच पुन्हा धरलं. पोरांच्या अंगावर काटा आला होता, म्हणाले. पुढच्या वर्षी सुतक नव्हतं, वाजवायला हरकत नव्हती. पण कुणाचे हात धजले नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मग हळदीतही पोरं त्या जागी थांबायला लागली, लोकांना आवडलं, बाकीच्यांनी उचललं.

मी तिथून अक्षरशः पळत घरी आले. चढावर दम लागला तरी थांबले नाही. चालीत भावाचं काही नव्हतं असं कोण म्हणतं? मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत माणसं त्याच्यासाठी गप्प होत होती, त्यांना ठाऊक नसलं तरी. आई तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर फतकल मारून बसले आणि सगळं सांगितलं.

तिने सूप बाजूला ठेवलं. कधी नव्हे ते माझ्याकडे बघितलं, पण मला हवं होतं तसं नाही.

"मान देतत?" ती म्हणाली. "दुसऱ्या वर्साक मी ओटीचा ताट घेऊन दारात उभी होतंय. खण, नारळ, तांदूळ. सगळ्यांच्या दारात देवी थांबली. माझ्या दारात गप झाले आणि पळत गेले. कुणी वर बघूक नाय. मी ताट घेऊन तशीच. माझा घर ओवाळूच्या लायकीचा रवला नाय, असाच समाजलंय मी. तेच्या फुडल्या वर्सापासून दारच लावून घेतलंय."

त्यांनी आदर म्हणून थांबायचं, हिने ते वाळीत टाकल्यासारखं घ्यायचं, आणि मधे मी मानखुर्दला मावशीच्या घरी पुऱ्या लाटत बसलेली. कुणीच कुणाला एका शब्दाने विचारलं नव्हतं. काकांना जाऊन सांगितलं तर ते कोळसे फुंकायचे थांबले. "वाट लागली," एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. मग म्हणाले, ह्या वर्साक वाजवतलव, तुझ्या आवशीक सांग.

आईला सांगितलं. ती भाकरी थापत राहिली.

त्या दसऱ्याला मी मावशीकडे गेले नाही. दुपारी आईने ट्रंकेतून खण काढला, नारळ धुतला, ताट केलं. ऊन उतरल्यावर खालून बेंजो ऐकू यायला लागला. आई ताट घेऊन उंबऱ्यात उभी राहिली, मी तिच्या मागे. हातगाडी वळणावर दिसली, मागे देवीचा टेम्पो, काका घामाने निथळत वाजवताहेत. सुरुवात झाली, लय चढली, ताशे तडतडायला लागले. आमच्या दाराशी आले आणि थांबले. सगळे एकदम. काकांनी पोरांना बजावून बजावून सांगितलं होतं, पण इतक्या वर्षांची सवय लागलेले हात त्या जागी आपोआप थांबले. काकांचे स्वतःचेही थांबले. त्यांनी आईकडे बघितलं, तोंड इतकंसं झालं त्यांचं. पाठीमागून नवी पोरं "स्टॅच्यू, स्टॅच्यू" करून ओरडली आणि ती गाडी ढकलायला लागली.

आई उंबऱ्याखाली उतरली. ताट डाव्या हातावर घेतलं आणि उजव्या हाताने माझं मनगट धरून मला ओढून पुढे उभं केलं, सगळ्या गल्लीपुढे. इतक्या वर्षांत तिने मला हात लावला नव्हता.

"वाजवा रे!" ती ओरडली. "गप कित्याक? ह्या घरात माझा चेडू जिवंत आसा!"

काका भानावर आले. ताशा कडाडला, टेम्पो थांबला, बायकांनी वाट केली आणि आई ओटी भरायला पुढे गेली. मी तिच्याबरोबर जाऊ शकले नाही. घरात आले, मोरीत भिंतीला टेकून उभी राहिले आणि रडले, मोठ्याने, हवं तेवढं. दारात इतकं वाजत होतं की कुणालाच ऐकू गेलं नाही.