कल्ले नसलेला मासा

पळस्प्याच्या नाक्यावरून गोव्याच्या रस्त्याला लागलं की चिनी मातीच्या भांड्यांचं एक दुकान होतं. मागे पत्र्याच्या शेडमध्ये भट्टी, आणि भट्टीशेजारी मी. नव्वदच्या आसपासची गोष्ट. चित्रकलेच्या परीक्षा देऊनही शाळेत नोकरी मिळेना, म्हणून फुलदाण्या रंगवायला लागले होते.

माल खपेना, तेव्हा मालकांनी चिनी सम्राटांचं एक घराणंच मनाने रचलं. पहिला सम्राट कायम सुतकात, म्हणून त्याच्या काळची भांडी पांढरी. दुसऱ्याला समुद्राचं वेड, म्हणून निळे मासे. तिसरा आजारी, म्हणून फिकट हिरवी. खरं तर आमच्या भट्टीत हिरवा रंग नीट उतरतच नसे. हे सगळं मी सुवाच्य अक्षरात भांड्यांजवळ ठेवायच्या कार्डांवर लिहायचे. घराण्याचं नाव कोणी विचारलंच तर मालक म्हणत, "उच्चार फार अवघड आहे हो."

दिवसाला तीस-चाळीस मासे व्हायचे. संध्याकाळी पनवेलच्या एसटीत दांडी धरायला उजवा हात वर जात नसे.

एका दुपारी मी पुढे दुकान सांभाळत होते. उरणकडची एक कोळीण लेकीला द्यायला काहीतरी बघत होती. निळी फुलदाणी तिने फिरवून फिरवून पाहिली.

"बाय, ह्यो मासा कोनी काढला?"

"मीच."

"याला कल्लं नाय. दम कुठून घेल तो?"

मी सवयीने कार्ड पुढे केलं. ती म्हणाली, "मना वाचता नाय येत. पन मासा कलतो मना."

पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवून तिने काउंटरवर मासा काढून दाखवला. शनिवारी परत येते म्हणाली. तिच्यासाठी मी एक फुलदाणी नव्याने रंगवली. त्या दिवशी जेवायचं राहून गेलं, ते संध्याकाळी लक्षात आलं. शनिवारी ती फुलदाणी घेऊन गेली. "आता जगंल," एवढंच बोलली.

पुढचे आठ दिवस मी प्रत्येक माशाला कल्ले काढले. मग मालक आले. "वेळ जातोय. त्या घराण्याचा मासा बिनकल्ल्यांचाच असतो, समजलं?"

"हो," मी म्हटलं. भांडायला हवं होतं. पण खांदा दुखत होता, आणि पुढच्या फुलदाण्या रांगेत उभ्या होत्या.

आणखी चार वर्षं मी तसेच मासे काढले. मग दुकान बंद झालं. घरी आईने विचारलं, "आता काय करणार?"

"झोपते जरा," मी म्हटलं.