कानाशी धरलेली काडतुसं

बहरीनमध्ये मी काय करतो ते गावाकडे कुणाला धड सांगता येत नाही. हमद टाउनच्या पलीकडे नेमबाजीचा एक खासगी क्लब आहे, तिथे मी रायफलची काडतुसं हाताने भरतो. फौजेत हत्यारं दुरुस्त करण्यात उमेद गेली, त्यामुळे दुसरं काही येतही नाही. लांबच्या निशाण्यावर नेम धरणाऱ्या हौशी लोकांना दुकानातली काडतुसं चालत नाहीत. प्रत्येकाला आपल्याच रायफलला मानवतील अशी लागतात. एकेकाचे नखरे ऐकले की नवरदेव बरा वाटतो.

हे काम मला वसईच्या एका म्हाताऱ्याने शिकवलं. सगळे त्यांना अंकल म्हणत. बायको गेलेली, दोन्ही मुली कॅनडात, गावचं घर भावांनी वाटून घेतलेलं. नईम वस्तीतली आमच्या दोघांची खोली आणि क्लबमधलं ते टेबल, एवढाच त्यांचा संसार. "मला इथूनच उचला रे," असं ते जेवताना सहज म्हणायचे आणि मी चिडायचो. असलं बोलणं मला सोसत नाही.

काही काडतुसांत बंदुकीची दारू इतकी भरावी लागते की वरून गोळी बसवताना ती दाबली जाते. लांब नळीच्या नरसाळ्यातून ती सावकाश सोडायची, म्हणजे दारूचे दाणे नीट बसतात. मग गोळी बसवणाऱ्या प्रेसचा दांडा खाली ओढला की दाणे करकरतात. असं दाबून भरलेलं काडतूस कानाशी धरून हलवलं तर आत काही म्हणजे काही वाजत नाही. खुळखुळलं तर समजायचं, दारू कमी पडली. तशा काडतुसाची गोळी रायफलच्या नळीत अडकू शकते, आणि ते न कळता मागून दुसरी झाडली तर नळी फुटते, तीही नेम धरणाऱ्याच्या तोंडाजवळ. म्हणून अंकलचा नियम कडक होता. भरणाऱ्याने संध्याकाळी प्रत्येक काडतूस हलवून बघायचं, आणि सकाळी दुसऱ्याने पुन्हा. शिवाय दाबलेली दारू रातोरात गोळीला किंचित वर ढकलते, त्यामुळे सकाळी लांबीही मोजायची.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी त्यांच्या पेटीतलं काडतूस माझ्या कानाशी खुळखुळलं. म्हटलं, पट्टीचा पोहणाराही कधी गटांगळी खातो. त्या आठवड्यात आणखी तीन निघाली. मग मी संध्याकाळी त्यांच्याकडे बघत बसलो. हात कापत होता, दारू थोडी बाहेर सांडत होती. भरून झाल्यावर ते एकेक काडतूस कानाशी नेत, हलवत, समाधानाने मान डोलावत आणि पेटीत ठेवत. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. आणि काही ऐकू न येणं हीच तर चांगल्या काडतुसाची खूण! मला आधी हसू आलं. मग फुटलेली नळी डोळ्यांसमोर आली.

"अंकल, कान दाखवा एकदा डॉक्टरला," मी जवळजवळ ओरडलो.

"माझे कान ठणठणीत आहेत. तूच तोंडातल्या तोंडात बोलतोस."

चार महिने मी सकाळी लवकर जायचो. वाजणारी काडतुसं उघडायचो, नव्याने भरायचो आणि त्यांच्या पेटीत परत ठेवायचो. त्यांना कळू दिलं नाही. मग माझी महिन्याची सुट्टी मंजूर झाली. मी नसताना सकाळी तपासणारही तेच असणार होते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी येईपर्यंत भरणं बंद ठेवू या, असं सुचवून पाहिलं.

"का? मी काय मेलोय?" ते म्हणाले आणि त्यांनी पुढचं काडतूस भरायला घेतलं.

शेवटी मी क्लबच्या मॅनेजरकडे गेलो. सगळं सांगितलं आणि हात जोडले, की त्यांना दुसरं काहीही काम द्या, निशाण्याचे कागद बदलायचं द्या, पण इथेच ठेवा. बहरीनीच तो, माणूस वाईट नव्हता. त्याने मला स्वतःच्या हाताने गाहवा, म्हणजे त्यांची अरबी कॉफी, ओतून दिला.

"बाबा खलास," तो म्हणाला. "बहरा आदमी इधर मफी. टिकट हम देगा, इंशाल्ला." मफी म्हणजे नाही.

नोकरी गेली की व्हिसा गेला. माझ्या सुट्टीच्या आधीच त्यांचं परतीचं विमान ठरलं. तीन आठवड्यांत एक माणूस उपटून काढला मी, आणि ते चुकीचं केलं असंही म्हणता येत नाही. हेच मला खातं.

विमानतळावर ते बहिऱ्या माणसासारखे मोठ्याने बोलत होते. रांगेतले लोक वळून बघत होते.

"कुणी चुगली केली, कळलं नाही रे. पण तू माझ्यासाठी साहेबाशी भांडलास, मला ठाऊक आहे. एवढं सख्खंही कुणी करत नाही."

मी हो म्हणून मान हलवली. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि ट्रॉली ढकलत आत गेले. दारापाशी पोचल्यावर त्यांनी वळून पाहिलं. मी अजून मान हलवतच होतो.