सौदा पुकारणारे दाजी

दाजी गेल्याला आज सहा आठवडे झाले. निरोप आला तेव्हा मी लातूरला कचेरीत होतो. जिल्हा नवा, निम्मी कपाटं अजून उस्मानाबादहून यायची होती. उदगीरहून आलेला माणूस एवढंच म्हणाला, "अण्णा सकाळी लिंगैक्य झाले."

उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, सगळे ज्यांना अण्णा म्हणत, ते शिवलिंगप्पा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. तीस वर्षं त्यांनी सौदा पुकारला. तुरीच्या ढिगाशी उभे राहून ते भाव चढवत नेत, ते रस्त्यापलीकडे ऐकू येई. पुकारताना गालात तंबाखूची चिमूट असायची; त्यानं घसा ओला राहतो, अशी अख्ख्या मोंढ्याची समजूत. दुष्काळात पाणी मोजून मिळू लागलं तशी चिमूट वाढली. आवाज बसला तेव्हा हमालांनी विचारलं, "अण्णा, नरड्यात तूर अडकली का?" दाजीही हसले. तिथं सगळ्यांचेच आवाज बसलेले, शंका कुणाला यावी? मलाही आली नाही. चार महिने त्यातच गेले.

मग मुंबई. दवाखान्याच्या ओळीत शेजारच्यांना गाव विचारलं. जळकोट, देगलूर, अहमदपूर... दुखणं सगळ्यांचं घशाचं. परत येऊन मी मोजलं. मोंढ्यात दाजींच्या दुकानांच्या ओळीत चौदा अडती, त्यांतले घशानं गेलेले चार. ही एका गल्लीची मोजणी. जिल्ह्याचा आकडा शोधला, पण मिळाला नाही.

डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढलं तर बहुधा वाचतील. दाजींनी नकार दिला. अक्कानं मला पाठवलं, कारण ते माझं ऐकत.

"मुक्यानं सौदा कसा पुकारायचा, तूच सांग," दाजी म्हणाले. "येवढा एक हंगाम करू दे. मग कापा म्हणावं."

मी गप्प राहिलो. त्यांचा मान राखतोय, असं मला वाटलं.

तो हंगाम आलाच नाही. तूर फुलावर येऊन वाळली. ज्या आवाजासाठी दाजींनी जीव पणाला लावला, त्याला पुकारायला एक पोतं मोंढ्यात उतरलं नाही... पुन्हा मुंबईला गेलो तेव्हा डॉक्टरांनी कापायला नकार दिला.

शेवटी नुसती कुजबुज उरली होती. ती ऐकू यावी म्हणून घरात भांडंसुद्धा जपून ठेवत. परवा गेलो, तर अक्कानं तांब्या तसाच, आवाज न करता माझ्यापुढे ठेवला. आता मोठ्यानं बोललं तरी चालेल, हे तिला सांगायला मी तोंड उघडलं, आणि मीही कुजबुजलो.