जड बॅटरी

बॅटरीच्या ॲसिडचा उग्र वास आला की मला उमरग्यातलं ते दुकान आठवतं. तलावावर सहलीला आलेल्यांना फिरवायची माझी नाव बॅटरीवर चालायची, आणि जुनी बॅटरी बसल्यामुळं मी नवी घ्यायला गेलो होतो. म्हातारे दुकानदार म्हणाले, "ही ट्रकची हाय, इंजिन सुरू करायला एकदा झटका देती अन् तिचं काम संपतं. तासभर मोटार चालवायची तर ती बारकी न्या." मी दोन्ही उचलून पाहिल्या. आमच्याकडं जड तेच दमदार. "काका, जी ट्रक हलवती तिच्यानं माझी नाव हलणार न्हाय व्हय?" म्हणत मी जडच उचलली. दुसऱ्याच दुपारी भर तलावात मोटार कण्हत बंद पडली. वारा नावेला सांडव्याकडं ढकलू लागला. तिथं पाणी भिंतीवरून धडधडत खाली कोसळत होतं. नावेत एक बाई होती, मांडीवर तान्हं लेकरू. "का थांबवलंत, दादा?" तिनं विचारलं. "इथनं तलाव लई छान दिसतो, ताई," असं म्हणून मी तळहात सोलवटेपर्यंत वल्हं मारत राहिलो. काठाला उतरताना ती हसून म्हणाली, "चांगल्या जागी थांबवलंत." आता मी बॅटरी उचलून बघत नाही, आधी दुकानदाराचं ऐकतो, पण तो वास आला की तिचं ते हसणं हातावरच्या फोडांसारखं अजून चरचरतं.