उकळलेली चकती

प्रयोगशाळेत तिला सगळे काकू म्हणत. पाठीमागे बर्फवाली काकू. एकोणीस वर्षं तिचे हात बर्फातच होते. उंदराचा मेंदू काढला की मिनिटभरात गार द्रावणात टाकायचा, नखाएवढ्या पातळ चकत्या कापायच्या आणि प्राणवायूचे बुडबुडे सोडून त्या दिवसभर जिवंत ठेवायच्या. सर त्या चकतीला बारीक तारेने विजेचा झटका देत. झटक्यासरशी पेशींतून डोपामिन हे रसायन किती सुटलं, ते शेजारची दुसरी तार मोजे.

सोमवारी तिने नोंदवही उघडली, तर सरांच्या अक्षरात एक ओळ होती: ‘द्रावण सदोष. तंत्रज्ञाची चूक.’

कॅल्शियम आत शिरल्याशिवाय पेशी डोपामिन सोडत नाहीत. म्हणून पडताळणीसाठी काकूने बिनकॅल्शियमचं द्रावण करून दिलं होतं. आलेख सपाट व्हायला हवा होता. झाला नाही. उंचवटा होता तिथे, होता तेवढाच.

“सर, हे काय लिहिलंत?”

“कॅल्शियम राहिलं असणार, काकू. वयोमानाने होतं असं.”

“द्रावण तपासलंत?”

“शुक्रवारी पाहुणे येताहेत. आता डोकं नका खाऊ.”

तळपायाची आग मस्तकात गेली. तीन दिवस ती घरात भांडी आपटत होती. शेवटी सकाळच्या चहाला थोरल्या भावाने विचारलंच. तो वायरमन. सगळं ऐकून म्हणाला, “अगं, त्यात काय? आम्ही बल्ब काढून घेतो. बल्ब नसताना मीटर फिरला, म्हणजे गळती वायरिंगमध्ये.”

“दादा, मेंदूला बल्ब म्हणतोस?”

“तुझ्या सरांच्या नाही म्हणत. तिथे नुसता होल्डर आहे.”

तिला हसू आलं नाही. पण कप अर्धा टाकून ती उठली.

शुक्रवारी तिने एक चकती किटलीतल्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवली, गार केली आणि तारांखाली मांडली. सर पडद्याकडे आणि पाहुण्यांकडे बघत होते. चकतीकडे बघायचं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. बटण दाबलं. उंचवटा आला.

“बघा, किती सुरेख सुटलं डोपामिन!”

“सर,” काकू म्हणाली, “ती चकती मी उकळून आणलीय.”

पाहुण्यांतल्या एक वयस्कर बाई सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. “पांढरीफटक आहे खरी,” त्या म्हणाल्या.

“काकू, ही काय थट्टा लावलीय?”

“थट्टा सोमवारी केलीत तुम्ही. उकळलेली पेशी काय सोडणार? तुमच्या एका तारेतली वीज दुसरीत गळतेय. या तारा बसवल्यापासून सात महिने तेच मोजताय आणि चूक माझ्या नावावर मांडताय!” आवाज चढला होता. तिने तो उतरवला नाही. नोंदवही उघडून तिने पेन पुढे केलं.

सरांनी ओळ खोडली.

“सही करा. तारीख घाला.”

त्यांनी केली, घातली आणि वही मिटायला घेतली. काकूने पानावर हात ठेवला. बर्फातून आलेला, लालबुंद हात.

“का खोडली, तेही लिहा.”