वरठीचा फिटर, आमचा बिशप

पाळकसाहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते मोटारपंपापाशी उकिडवे बसले होते. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला टेकवलेलं, मूठ कानाला लावलेली आणि डोळे मिटलेले. गळ्याला पाद्र्यांची पांढरी पट्टी होती, म्हणून मला वाटलं, नवे पाळक प्रार्थनाच करताहेत. मी चप्पल काढून बाजूला उभी राहिले. थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले. "बेरिंग गेली, बाई. मंगळवारी नवीन आनतो. तोवर बादलीनं काढा पानी." मग हात पुसत म्हणाले, "सलाम. मी याकोब नंदागवळी. तुमच्याकडं बदली होऊन आलो."

नाकाडोंगरीच्या अलीकडे, जंगलाला लागून, मिशनचं लहानसं बाळंतपणाचं इस्पितळ होतं. मी आंधळगावच्या कोष्ट्याची मुलगी. घरात सगळे मागावर बसणारे, मी एकटीच नर्सिंग शिकले आणि त्या इस्पितळात लागले. मी हिंदू. पण तिथं कुणी कधी त्यावरून बोट दाखवलं नाही. पुढे डॉक्टरीणबाई सोडून गेल्या, दुसरं कुणी आलं नाही आणि इस्पितळाला कुलूप लागलं. सामान एका खोलीत ठेवून वर सील मारलं. मला राखणीसाठी क्वार्टरमध्ये राहू दिलं. सिस्टर कमलची चौकीदार कमल झाली.

नंदागवळी साहेब मूळचे मोहाडी तालुक्यातले. आईवडील धानाच्या बांधीत मजुरीला जाणारे. आयटीआय करून ते वरठीच्या पोलाद कारखान्यात फिटर झाले. बारा वर्षं रोज सायकलनं कामावर गेले. रविवारी वरठीच्या लहानशा अँग्लिकन मंडळीत उपासनेला बसायचे. तिथं पाळक महिन्यातून एकदाच यायचे, म्हणून बाकीच्या रविवारी हेच बायबलमधले शास्त्रपाठ वाचायचे. एक दिवस वडीलधाऱ्यांनी सांगितलं की तूच शिकून पाळक हो. "मी नटबोल्टवाला मानूस, मले कोन पाळक करते?" असं म्हणत म्हणत त्यांनी बत्तिसाव्या वर्षी नोकरी सोडली आणि बायको आणि तान्ही मुलगी रूथ यांना घेऊन धर्मशास्त्र शिकायला गेले. इंग्रजीच्या पेपरात दोनदा नापास झाले. ते मोठ्या मजेनं सांगायचे, "तिसऱ्या खेपेले मास्तरच थकला."

मंगळवारी ते खरोखर बेरिंग घेऊन आले. पंपातून पाणी येऊ लागल्यावर मी चहा केला. चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "इस्पितळ बंद झाल्यावर कोनी आलं होतं का बाळंतपनाले?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी दुर्पताचं सांगितलं. पलीकडच्या टोलीतली, त्या छोट्या वस्तीतली ती पोर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कळा देत फाटकाशी आली होती. माझ्याकडे औषध नव्हतं, टेबल नव्हतं, साधे हातमोजे नव्हते. सील तोडायची माझी हिंमत झाली नाही. मी म्हटलं, तुमसरला मोठ्या दवाखान्यात न्या. रस्ता तेव्हा सगळा खोदलेला होता. दुर्पता वाचली. तिचं बाळ वाटेतच गेलं.

मला रडू आवरेना. कुणी दुसरं असतं तर देवाची इच्छा म्हणालं असतं. साहेबांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "कुलूप तुमी नाई लावलं, बाई. पन काढाचं आपुनच. चाबी कोठी हाये?"

"साहेब, वरून परवानगी नाही."

"मागतो ना परवानगी. चिठ्ठी आजच लिवतो. चिठ्ठी पोचतवर झाडून तं घेऊ."

त्यांनी स्वतः झाडू घेतला. सीलच्या खोलीला हात न लावता आम्ही पुढची एकच खोली उघडली. तुमसरच्या एका डॉक्टरीणबाईंना साहेबांनी गळ घातली, त्या दर मंगळवारी गरोदर बायांना तपासायला येऊ लागल्या. पहिल्या मंगळवारी तिघीच आल्या. पावसाळा संपेपर्यंत व्हरांडा भरू लागला. साहेब टोलीटोलीत मोटारसायकलनं फिरून बायांना निरोप द्यायचे. एकदा एका सासूनं त्यांना दारातूनच हटकलं, "तुमी बाबा लोक येसूच्या नावानं आमाले बाटवाले आले का?" साहेब ओट्यावर बसले. "मायबाई, तुया देव तुयाजवळ राहू दे. सुनेले मंगळवारी पाठव म्हंजे झालं." सून आली. मागून सासूही आली, कंबर दुखते म्हणून.

परवानगी मात्र आली नाही. त्या जागेवर रिसॉर्ट बांधू देण्याचं बिशपांच्या धर्मप्रांताच्या मालमत्ता समितीत जवळजवळ ठरलं होतं. जंगल जवळ, रस्ता आता चांगला, पर्यटक येतील, असा हिशेब. विचारल्याशिवाय खोली उघडली म्हणून साहेबांची बदली झाली, पार दुसऱ्या टोकाला. निघताना त्यांनी मोटारसायकल सुरू केली, पुन्हा बंद केली. "बाई, आता तुमी एकट्या. भेव लागते का?"

"लागते."

"मलेही लागते. मंगळवार नका सोडू."

मी मंगळवार सोडला नाही. तीन वेळा मला जागा सोडायची नोटीस आली. तिन्ही वेळा व्हरांड्यातल्या बायांनी खाली अंगठे उठवून आणि सह्या करून उत्तर पाठवलं. चालू दवाखाना पाडायचा म्हणजे बभ्रा होईल, म्हणून समिती पुढेपुढे ढकलत राहिली. अशी सहा वर्षं गेली.

मग जुने बिशप निवृत्त झाले. नव्या बिशपसाठी जी नावं निघाली, त्यांत खेड्यांतल्या मंडळ्यांनी नंदागवळी साहेबांचं नाव घातलं. शहरातले लोक हसले. निवडणुकीच्या सभेत धर्मप्रांताचे सचिव उठून म्हणाले, "बिशपला देशभर, परदेशात पत्रव्यवहार करावा लागतो. यांचं इंग्रजी कसं आहे, हे सगळ्यांना माहीत आहे." साहेबांनी शांतपणे उत्तर दिलं, "पत्र लिवाले मानूस ठेवता येते, साहेब. लोकाइच्या घरी जाले मानूस नाई ठेवता येत. तेथं आपल्यालेच जा लागते." मतं मोजली तेव्हा वरठीचा फिटर बिशप झाला होता.

अभिषेकाच्या दिवशी आमच्याकडून दोन बसगाड्या गेल्या. अर्ध्या बाया माझ्यासारख्या, कुंकू लावलेल्या. माझ्या भावानं आंधळगावच्या मागावर विणलेला कोसा रेशमाचा पट्टा साहेबांच्या गळ्यात होता. बाहेरून आलेल्या बिशपांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवले. प्रार्थना लांबली, साहेब गुडघ्यावर तसेच. पहिल्या रांगेत त्यांची म्हातारी आई बसली होती. सगळं चर्च शांत असताना ती मोठ्यानं म्हणाली, "उठ ना रे याकोबा, पाय दुखून राहिले असतीन तुये!" आधी पोरं हसली, मग आम्ही, मग खुद्द बिशप मंडळी. साहेब उठले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते आणि ते हसत होते. त्यानंतर जो टाळ्यांचा कडकडाट झाला, तसा मी जन्मात ऐकला नाही.

तिसऱ्या महिन्यात समितीची बैठक होती. बिशप साहेबांनी मला बोलावून घेतलं. मोठं टेबल, खुर्च्या, फायली. सचिव म्हणाले, "भावनेवर दवाखाने चालत नाहीत." साहेब म्हणाले, "बरोबर. म्हनून मी बोलत नाई. सिस्टर बोलतील."

मी उठून उभी राहिले. मी दुर्पताचं सांगितलं, फाटकाशी मी काय म्हणाले तेही सांगितलं. मग सहा वर्षांतल्या मंगळवारांचं रजिस्टर टेबलावर ठेवलं. "ह्या सगळ्या बायांना मी बाळंतपणाला दुसरीकडे पाठवते. मला इथंच करायचं आहे. मला डॉक्टर द्या."

सचिवांनी रजिस्टर ओढून घेतलं आणि पानं उलटत राहिले. मग चष्मा काढला. इस्पितळ पुन्हा सुरू करायच्या ठरावाला सगळ्यांत पहिला हात त्यांचा वर गेला.

खाटांचा ट्रक आला त्या दिवशी बिशप साहेब जांभळ्या सदऱ्याच्या बाह्या दुमडून स्वतः खाटा उतरवत होते. सीलच्या खोलीतलं टेबल त्यांनी तेलपाणी करून पुन्हा उभं केलं. तरुण डॉक्टरीण रुजू झाली आणि चौथ्याच दिवशी आमच्या हातून मुलगी जन्मली. मी साहेबांना फोनवर सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "रडली ना चांगली?"

"टोलीपर्यंत ऐकू गेलं, साहेब."

आता ते निवृत्त झालेत, वरठीला राहतात. इस्पितळ जोरात चालू आहे. गेल्या महिन्यात त्यांची रूथ पुण्याहून बाळंतपणाला आली. जावई घाबरलेला, नागपूरच्या मोठ्या दवाखान्याची चौकशी करत होता. रूथनंच त्याला सांगितलं, "मी तिथंच जाणार. बाबांना नाही विचारलं, मीच ठरवलं."

दुपारी बाळ झालं. मी हसत बाहेर आले. व्हरांड्यातल्या बाकड्यावर बिशप साहेब बसले होते. त्यांच्या शेजारी जवळच्या खाणीतला एक मजूर, लाल मातीनं भरलेल्या कपड्यांत, हात घट्ट जुळवून बसलेला. त्याची बायकोही आतच होती, तिचं बाळ थोडं आधी झालं होतं आणि गडबडीत त्याला सांगायचं राहून गेलं होतं. मी साहेबांकडे पाहून तोंड उघडलं, तसा त्यांनी हात वर केला.

"थांबा, बाई. पहिले याचं सांगा. हा सकाळपासून बसून हाये."

मी त्या मजुराकडे वळले. "मुलगा झाला रे बाबा. दोघंही खुशाल."

तो उठून उभा राहिला आणि काय करावं न सुचून त्यानं बिशप साहेबांनाच मिठी मारली. साहेबांचा पांढरा सदरा लाल मातीनं माखला. त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहत ते म्हणाले, "हं. आता आमचं सांगा."